पांढऱ्या लेहेंग्यावरचं बोट

गोदूमावशी कोणाला घाबरत नाही, हे मुरबाडच्या बाजारात कोणालाही विचारा. म्हसा गावच्या जत्रेत एका कापडवाल्यानं मापात वीतभर मारली, तेव्हा तिनं त्याच्याच हातातला गज ओढून घेतला आणि सगळ्या गर्दीसमोर कापड पुन्हा मोजायला लावलं. नवरा गेला तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. सिद्धगडाच्या पायथ्याचं घर सोडलं, एक शिलाई मशीन टेम्पोत घातलं आणि खाली मुरबाडला आली. तेव्हापासून ती आणि तिचा दहा बाय दहाचा गाळा. मी तिच्या बहिणीची मुलगी, स्नेहल. बारावीनंतर फॉल-पिकोच्या मशीनवर बसले ती बसलेच. नऊ वर्षं तिचं बोलणं खातेय, त्यामुळे मी सांगते ते ऐकीव नाही.

तर ही बाई घाबरायची फक्त एका गोष्टीला. दुसऱ्याच्या कापडाला. "कात्री एकदा चालली का माघारी येत नाय गो," असं रोज म्हणायची. म्हणून तिची एक रीत होती. मशीनच्या फळीवर हळदकुंकवाची कोयरी ठेवलेली. कोणाचंही नवं कापड आलं की आधी बोट ओलं करायचं, हळदीत मग कुंकवात बुडवायचं, कापडाच्या कोपऱ्याला लावायचं आणि मगच कात्री उचलायची. ब्लाउजपीस असला तर ते बोट शिलाईच्या आत जायचं, कोणाला दिसायचंही नाही. आमच्याकडे नवी साडी नेसतानाही पदराच्या टोकाला बोट लावतातच, त्यात नवल नाही. पण मावशी चुकून कधी विसरली तर ती अर्धा कापलेला ब्लाउज बाजूला ठेवून चहा प्यायला जायची, इतकी तिला धास्ती.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सोमवारी सकाळी वैशाखरे गावची जनीकाकू आली. सोबत तिची मुलगी निशिगंधा, जिचं येत्या रविवारी लग्न होतं, आणि दोघींच्या मध्ये एवढा मोठा खोका, दोघींनी दोन बाजूंनी धरलेला. एसटीतही मांडीवर घेऊन बसल्या होत्या म्हणे, खाली ठेवायची हिंमत झाली नाही.

मुलगा भिवंडीकडचा, प्रणित. त्यांची जमीन गोदामांना गेलेली, घर तीन मजली. आमच्यात लग्न लागलं की नवरी सासरकडची साडी नेसून निघते. ह्या सासूबाईंनी साडीऐवजी लेहेंगा पाठवला होता. मुंबईच्या कुठल्याशा डिझायनरचा. किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती, मुद्दाम ठेवलेली. एक लाख साठ हजार.

"वाचलंस का गो?" जनीकाकू मला म्हणाली. तिला स्वतःला ते मोठ्यानं वाचायची भीती वाटत होती.

आणि रंग? पांढरा! अगदी दुधासारखा नाही, जरा पिवळट, पण पांढराच. वर पांढरेच मोती, पांढरीच फुलं. निशिगंधा म्हणाली, "मावशी, आता हीच फॅशन आहे. आयव्हरी म्हणतात." मावशीच्या कपाळावरची आठी मी बघितली. नवरी पांढऱ्यात जाणार हे तिला पटलं नव्हतं.

ही बातमी बाजारात पोचायला पाच मिनिटं लागली नाहीत. शेजारचा चहावाला नथू कपाच्या निमित्तानं आत डोकावला. "एवढ्या पैशात म्हशाच्या जत्रेतून दोन म्हशी येतील," तो म्हणाला. "रोज दूध तरी देतील."

"मंग म्हशी नेसवून नवरी उभी कर तुझ्या पोराची," मावशीनं त्याला पळवलं. पण तो गेल्यावर ती आम्हाला म्हणाली, "तसं नाय. एकेक मोती हातानं ओवला असंल, तर कोना बाईचे डोले गेलेत ह्याच्यात. त्याचे पैशे द्यायलाच पायजेत. आपली शिलाई कोनी जास्ती म्हनलं तर आपल्याला कसं वाटतं?"

मला तर एवढा दाम पटत नव्हता. एका दिवसाच्या कपड्याला लाखभर? पण मावशीपुढं कोण बोलणार.

काम साधं होतं. कंबर दोन इंच सैल होती, ती आत घ्यायची. पण विहीणबाईंचा, म्हणजे त्या सासूबाईंचा, जनीकाकूच्या फोनवर निरोप आला होता: कापड अजिबात कापायचं नाही, नुसती टीप मारायची, आणि गुरुवारी मी स्वतः येऊन बघणार. मावशी चिडली. "मला शिकवते का ही?" जनीकाकू हात जोडायच्या बेतात आली. "गोदू, तू रागावू नको बाय. तुझ्याबिगर कोनाच्या हातात देऊ? काय झालं तर माझ्या पोरीला जलमभर ऐकायला लागंल. तिकडं जावाजावांची पंगत हाय. हिच्या गावच्या शिंपनीनं लेहेंगा घालवला, अशाच हाका मारतील तिला."

 हे ऐकून मावशीनं निशिगंधेच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा तू. बुधवारला तयार."

त्या दोघी एसटीला गेल्या. मावशीनं मोठी चादर अंथरली, वर लेहेंगा पसरला, आणि बराच वेळ नुसती बघत बसली. मग मशीनला तेल दिलं. मग पुन्हा बघत बसली. मी माझ्या कामाला लागले होते, एका साडीचा पिको अर्धा राहिला होता. मान वर केली तर मावशीचं बोट कोयरीत.

"मावशी!" मी ओरडले.

उशीर झाला होता. लेहेंग्याच्या पुढच्या घेराला, अगदी खालच्या काठाशी, तिनं बोट टेकवलं होतं. तीस वर्षांची सवय, आणि मनात तो पांढरा रंग खुपत होता तो वेगळाच. मला नंतर म्हणाली, पोर पांढऱ्यात चाललीय, निदान कुंकवाचं बोट तरी असावं म्हटलं. आत लावायला हवं होतं, पण साडीच्या पदरासारखा काठ दिसला आणि हात तिथं गेला. बोटाला मशीनचं तेल होतं. डाळीएवढं बोट बघता बघता रुपयाएवढं पसरलं.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. "पुस, पुस!" ती म्हणाली. आणि इथं मी काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. हळदीच्या डागाला साबण लावू नये हे आमच्यातल्या सहा वर्षांच्या मुलीला ठाऊक असतं. मला पण ठाऊक होतं. पण माझी अक्कल त्या क्षणाला गहाण पडली होती. कोपऱ्यात भांड्याच्या साबणाची वडी होती, ती ओल्या फडक्याला घासली आणि डागावर चोळली. पिवळं होतं ते लालभडक झालं. रक्त सांडल्यासारखं.

"मेले मी," मावशी म्हणाली आणि खालीच बसली. तिचे हात थरथरत होते. गज हिसकावणारे हेच हात. मी तिला कधीच असं बघितलं नव्हतं, म्हणून मला दुप्पट भीती वाटली. मी शटर अर्धं खाली ओढलं. बाहेर भर दुपार, लोक येत-जात होते, आणि आम्ही दोघी चोरी केल्यासारख्या आत दडून.

मग आठवलं, हळद उन्हानं जाते. मागच्या जिन्यानं वर गेलो आणि पत्र्यावर चादर टाकून तो काठ उन्हात धरला. दोघी दोन बाजूंनी धरून उभ्या, घाम डोळ्यांत जातोय, पण हात सोडायची सोय नाही. तासाभरात पिवळट लाली फिकी झाली खरी, कुंकू मात्र तसंच. आणि टप्पकन काहीतरी पत्र्यावर पडलं. मोती. मग दुसरा. मग चार.

मावशीनं एक मोती उचलून डोळ्यांजवळ नेला. त्याच्या बुडाशी डिंकासारखं काहीतरी चिकटलेलं, उन्हानं मऊ झालेलं.

"ओवलेले नाय गो," ती म्हणाली. "चिकटवलेत."

एक लाख साठ हजार, आणि चिकटवलेले! मला संताप आला. पण मावशीला संतापायला सवडच नव्हती. आम्ही धावत खाली आलो. पडलेले एकूण अकरा मोती तिनं सुईनं एकेक करून शिवले, दुहेरी दोरा घेऊन. मग कंबर उसवायला घेतली. निदान सांगितलेलं काम तरी व्हावं म्हणून. अस्तराची टीप ब्लेडनं काढली आणि तिचा हात थांबला. मला जवळ बोलावलं.

अस्तराच्या आत सुईची जुनी भोकं होती. एक ओळ नाही, चार-पाच ओळी. एक आत घेतल्याची, एक सोडल्याची, पुन्हा आत घेतल्याची. प्रत्येकीचा दोरा वेगळा, त्याचे तुटके धागे अजून अडकलेले. कपडे शिवणाऱ्या बाईला हे वाचायला अक्षर लागत नाही. हा लेहेंगा चार-पाच जणींच्या कंबरेचा होऊन आला होता.

"भाड्याचा हाय," मावशी हळूच म्हणाली.

मला आधी हसूच आलं. मग तिचं तोंड बघितलं. विकत घेतलेला असता तर कपाटात गेला असता, डाग कोणाला कधी दिसला असता की नसता. भाड्याचा म्हणजे परत जाणार. दुकानवाला काठ न् काठ तपासणार, डाग सापडणार, भरपाई मागणार. आणि भरपाई मागितली की त्या तीन मजली घरात बोट कोणाकडं जाणार? निशिगंधेकडं. नव्या नवरीकडं, पहिल्याच आठवड्यात.

"जनीकाकूला सांगूया," मी म्हणाले.

"खबरदार!" मावशी म्हणाली. "तिनं सगल्या वैशाखऱ्यात सांगितलंय, पोरीला लाखाचा लेहेंगा घातला म्हनून. लग्नाला सहा दिस राह्यलेत. तिच्या डोक्यात हा किडा सोडू नको."

त्या रात्री मला झोप नाही. मावशीला तर नाहीच, कारण मंगळवारी सकाळी तिचे डोळे सुजलेले होते. पण तिनं उपाय काढला होता. लेहेंग्याच्या मागच्या बाजूला, कंबरेच्या हुकाखाली, ओढणीनं झाकलं जाईल अशा जागी दोन कापडी फुलं होती. त्यातलं एक तिनं नखानं अलगद सोडवलं आणि काठावरच्या डागावर बसवलं. पक्कं शिवलं नाही, नुसते कच्चे टाके. परत जायच्या आधी काढून पुन्हा जागेवर लावता यावं, डाग तोपर्यंत एखाद्या ड्रायक्लीनवाल्याकडून काढून घेऊ, असं काहीतरी तिच्या डोक्यात. मला ते खुळ्यासारखं वाटलं. पण दुसरं काय होतं आमच्या हातात?

गुरुवारी विहीणबाई आल्या. मोठी गाडी, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात सोन्याच्या पाटल्या आणि तोडे. मी खुर्ची पुसून दिली तरी बसल्या नाहीत. लेहेंगा टेबलावर पसरायला सांगितला आणि चष्मा काढून इंच न् इंच बघायला लागल्या. ओठ हलत होते, जसं मनात काहीतरी मोजतायत. कंबर बघितली, अस्तर उलटून बघितलं. मला वाटलं, काय हा तोरा! एका लेहेंग्यासाठी माणसाला गुन्हेगारासारखं उभं करायचं. मी मशीनला टेकून उभी होते.

त्यांचा हात काठावरून सरकत त्या फुलाशी आला आणि थांबला. मावशीनं डोळे मिटले.

"हे फूल," विहीणबाई म्हणाल्या, "किती सुरेख बसवलंय. शेवटी डिझायनरचं काम ते डिझायनरचं."

"व्हय ताई," मावशी म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

त्या गेल्यावर नथूनं आणलेला चहा मावशीच्या हातून अर्धा सांडला. मी हसले, ती नाही हसली. "कच्चे टाके हायेत," एवढंच म्हणत राहिली. "कोनाचा हात लागला, कोनाचा पाय पडला का संपलं."

रविवारचं लग्न दुपारचं होतं. मांडव वैशाखऱ्याला, घरापुढच्या खाचरात, पंखे लावूनही आत भट्टी. मावशी सकाळपासून जेवली नाही. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि निशिगंधा लेहेंगा घालून बाहेर आली. दिसत होती सुंदर, खोटं का बोलू. पण कशी चालत होती! दोन्ही हातांनी घेर उचलून, श्वास धरून. खुर्चीवर बसायचं नाही, सुरकुती पडेल. सरबत घ्यायचं नाही, सांडेल. लहान भाचरं धावत आली तर चार बायका आडव्या झाल्या. फोटोसाठी ती हसायची आणि फोटो झाला की लगेच खाली काठाकडं बघायची. मावशी तर तिच्यापासून दोन हातांवर पहारेकऱ्यासारखी उभी. कोणी जवळ आलं की "जपून, जपून". नवरदेवाच्या मित्रांना वाटलं ही डिझायनरचीच बाई असावी.

ओटी भरायच्या आधी मावशीनं जनीकाकूला बाजूला घेतलं. मी तिथंच होते. ती म्हणाली, "जने, तुझे हात हलदीनं भरलेत. ओटी भर ती लांबून भर. पोरीला मिठी नको मारू. काठाला हात लागता कामा नये. तुला पोरीचं सुख पायजे ना?"

जनीकाकूनं मान हलवली. तिला वाटलं, एवढ्या किमतीच्या कपड्याची रीतच असेल ही.

पाच सुवासिनींना हळदकुंकू लावून तिचे दोन्ही तळवे ओले पिवळे झाले होते. तिनं लेकीच्या ओढणीत तांदूळ घातले, नारळ घातला, वाकून, हात लांब करून. कपाळाला बोट लावलं तेही करंगळीनं. विहीणबाई शेजारीच होत्या, म्हणाल्या, "कपड्यावर नको हां हलद." बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता, कल्याणला संध्याकाळी रिसेप्शन होतं, सगळ्यांना घाई.

निशिगंधा रडायला लागली. तिनं घेर सोडून दिला आणि दोन्ही हात पुढं केले. "आई, ये ना."

जनीकाकू एक पाऊल पुढं आली. मग तिनं स्वतःच्या तळव्यांकडं बघितलं, काठाकडं बघितलं, मावशीकडं बघितलं. हात साडीला पुसले, तरी पिवळेच. मग तिनं दोन्ही हात पाठीमागं धरले. "नको बाय," ती म्हणाली. "हात भरलेत माझे. जा तू. टाइम झाला."

निशिगंधा हात तसेच पुढं करून थोडी उभी राहिली. मग कोणीतरी तिचा घेर उचलला, कोणीतरी दार उघडलं, आणि गाडी घाटाच्या रस्त्याला पाठ करून मुरबाडकडं निघून गेली. जनीकाकू हात मागंच धरून रडत होती. आई रडतेय आणि डोळे पुसायलाही हात पुढं घेत नाही, हे मी उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

मावशीला ते सोसलं नाही. विहीणबाई दुसऱ्या गाडीसाठी थांबल्या होत्या, आहेराच्या पिशव्या भरून घेत. मावशी तडक त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "ताई, लेहेंग्याला डाग हाय. त्या फुलाच्या खाली. माझ्या हातानं पडलाय, पोरीचा काय दोष नाय. दुकानवाला काय बोलंल तर माझं नाव सांगा."

मला वाटलं आता मांडवात आग लागणार. पण विहीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मावशीचं मनगट धरलं आणि मांडवाच्या खांबाआड ओढलं. "हळू बोला! दुकानवाला म्हंजे? तुम्हाला कोनी सांगितलं?" त्या मागं वळून वळून बघत होत्या. "परवा परत द्यायचाय. आमच्या घरात कोनाला ठाऊक नाय, मालकांना पन नाय. माझ्या जावेनं सुनेला सव्वा लाखाचा आणला होता, मग मी काय करनार? पाच दिवस मला अन्न गोड लागलं नाय, कोनी ओळखलं तर काय म्हणून. त्या डागाचं मी बघते, भरायचं ते भरते, पोरीला शब्द लागू देनार नाय. पन तुमी कुठं बोलू नका. पाया पडते."

तोडे घातलेले ते हात खरंच मावशीच्या पायांकडं जायला निघाले. मावशीनं धरले. ते हात तिच्यासारखेच थरथरत होते.

जनीकाकू कधी मागं येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलं नाही. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रागावली नाही, ओरडली नाही. मावशीकडं बघून म्हणाली, "गोदू, मंग मी कोनाला घाबरली गो?"

मावशीनं विहीणबाईंचे हात सोडले. विहीणबाई खाली बघत राहिल्या.

"डाग तर आधीच पडला व्हता," जनीकाकू म्हणाली. "मी कशाला हात मागं घेतले? माझी पोर मिठीबिगर गेली गो."

आणि ती तिथंच मांडवात खाली बसली.